दाराकडची खुर्ची

फौजदारीणबाईंनी आयुष्यात जो काही मार खाल्ला, तो सगळा दुसऱ्यांच्या भांडणात. नवरा होता तो गरीब गाय, लवकरच गेला बिचारा. सासू तोंडाची फटकळ, पण हात कधी उचलला नाही. मग ही नोकरी लागली आणि राहिलेलं सगळं भरून निघालं. घरातून पळालेली, हाकललेली, फुटपाथवर झोपणारी पोरं-पोरी जिथं येऊन पडतात, त्या आसऱ्याच्या घराच्या त्या व्यवस्थापक. व्यवस्थापक हे कागदावर. पोरं मागून फौजदारीण म्हणायची आणि तोंडावर बाई. मागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडायचंही.

घर म्हणजे एक जुना छापखाना. यंत्रं गेली तरी भिंतींतला शाईचा वास गेला नव्हता. खाली जेवणाची खोली, स्वयंपाकघर, ऑफिस. वर एका अंगाला मुलं, दुसऱ्या अंगाला मुली, मध्ये कुलपाचं दार. फाटकावर वॉचमन. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण फुंकर मारली तर उडेल अशी त्याची तब्येत. स्वयंपाकाला मामा. आणि पोरं? रस्त्यावर जो आधी मारतो तोच उभा राहतो हे शिकून आलेली पोरं, ती कशी असणार? धक्का लागला की बुक्की, बुक्की बसली की वीट. बाईंच्या हनुवटीवरची खूण बादलीची होती, मनगटावरची दातांची. डाव्या कानानं जरा कमीच ऐकू यायचं, कारण एकानं दुसऱ्याला हाणलेली एक सणसणीत थोबाडीत त्यांनी मध्येच झेलली होती.

टाचणी आली ती ऐन जेवणाच्या वेळी. अंगात कुणा मोठ्या माणसाचा शर्ट, वय पंधरा-सोळा, हाडं मोजून घ्यावीत अशी. एका कानाची पाळी फाटलेली, मानेवर रक्त वाळून काळं झालेलं. पैलवान "अगं थांब, अगं आधी नाव तरी," म्हणेपर्यंत ती रांगेत शिरून ताट घेऊन उभी. तिच्या मागं होता बुलडोझर. नावावरून काय ते समजा. "ए काडी, हो मागं," म्हणत त्यानं तिची मान धरली आणि खेचली.

 पोरगी वळली आणि स्टीलच्या ताटाची कड त्याच्या तोंडावर घातली. पुन्हा घातली. तो एवढा धिप्पाड गडी गुडघ्यावर आला, तर छातीवर बसून पुन्हा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच बघणाऱ्याला भिववणारं होतं. चेहरा अगदी कोरा, जसं काही कुणी दुसरंच मारतंय आणि ही नुसती हजर आहे. बाई धावल्या, आडव्या पडल्या, आणि पुढचा वार बसला तो त्यांच्या भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं तरी त्यांनी पोरीचं मनगट सोडलं नाही.

"एवढीशी टाचणी, पण घुसते बघा कशी!" मामा म्हणाला, आणि तेच नाव पडलं.

नंतर बाई भुवईला फडकं दाबून मोरीत गेल्या, तर टाचणी नळाखाली हात घासत बसलेली. कातडं सोलून निघेल इतके.

"त्याचा दात परत येईल का?" तिनं विचारलं.

"या वयात पडलेला दात येत नसतो बाळ."

तिनं नळ आणखी सोडला. मग नळाकडे बघतच म्हणाली, "माझा हात आपोआप उठतो. मला कळायच्या आधी. आमच्याकडं एकाचा असाच उठतो."

"कुणाचा?"

नळ बंद. तोंडही बंद. पण बाईंना एवढं समजलं, की या पोरीला मार खायची भीती नाही. आपण मारणाऱ्यातल्या निघू, ही भीती आहे. अशी पोरगी एकदा घरी परत गेली तर दोनच गोष्टी होणार. एक तर मरेल, नाहीतर मारेल. हिला परत जाऊ द्यायचं नाही, असं बाईंनी भुवईला टाके पडताना मनाशी ठरवलं. आणि ठरवून मग काय केलं, तर स्वतःच बापाला बोलावलं. ऐका कसं ते.

नियम असा, की पोर आलं की घरी कळवायचं. जिवंत आहे, आमच्याकडे आहे, बास. आईला वेगळा फोन, बापाला वेगळा, कारण एकासमोर दुसरा खरं बोलत नाही. आणि बाईंची स्वतःची एक परीक्षा होती, ती कुठल्या नियमात नव्हती. पलीकडच्याचा पहिला प्रश्न काय, तो ऐकायचा. "कुठं आहे कार्टी?" म्हणणारे बहुतेक सगळे. "कुणाबरोबर सापडली?" म्हणणाऱ्यांवर बाई फोनच आपटायच्या. "कधी पाठवता?" म्हणजे घरात राबायला माणूस कमी पडलंय. क्वचित कुणी विचारायचं, "बरी आहे ना हो?" त्या घरी पोर पाठवायला हरकत नाही. इतकी वर्षं ही परीक्षा कधी फसली नव्हती, आणि तिथंच पाणी मुरत होतं.

आई एका लॉंड्रीत इस्त्री करायची. फोनवर मागं वाफेची फुसफुस ऐकू येत होती. बाईंनी सांगितलं, पोरगी आमच्याकडे आहे. पलीकडे नुसती फुसफुस. एक प्रश्न नाही. शेवटी आवाज आला, "ठेवा तिला तिकडंच."

"बोलायचंय का तिच्याशी? बोलावते."

"नको. ठेवा." आणि फोन बंद.

बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. "दगड आहे, दगड!" त्या मामाला म्हणाल्या. "पोटची पोर रस्त्यावर, आणि ही म्हणते ठेवा! भाजीची पिशवी आहे का ती?"

बाप गॅरेजमध्ये होता. ठोकर बसलेल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचं त्याचं काम. फोनवर आधी ठणठण ऐकू आली, मग ठणठण थांबली. बाईंनी तेच सांगितलं. आणि त्या माणसानं विचारलं, "जेवली का ती?"

असं इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो! पाठोपाठ हुंदका. मग दुसरा. गॅरेजच्या गलक्यात एक पुरुष ओक्साबोक्शी रडत होता. "जेवली, जेवली," त्या म्हणाल्या. "पोटभर जेवली. तुम्ही शांत व्हा बघू."

टाचणी स्वयंपाकघरात मामाबरोबर बटाटे सोलत होती. कानाला टाके पडले होते.

"त्याला बोलावू नका," ती म्हणाली.

"का? काय केलं त्यानं?"

"काही नाही."

"मग कान कुणी फाडला?"

"कुत्र्यानं."

"काल तर दारात अडकला म्हणालीस."

"दारात कुत्रा होता."

मामा हसला, बाईही हसल्या. हसायला नको होतं. पण पोरगी खरं सांगणार कशी? इथं काय बोललं गेलं ते बापाच्या कानावर गेलं, की त्याची भरपाई घरात असेल त्याच्याकडून होणार. घरात होती आई. म्हणून टाचणीनं सगळं गिळलं होतं. हे बाईंना कळायला हवं होतं. दुसरं कुणी असतं तर कळलंही असतं. पण 'जेवली का ती' त्यांच्या कानातून जाईना.

"फक्त पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "दार तुझ्या पाठीशी, टेबल मध्ये, मी शेजारी. नको वाटलं की उठायचं आणि चालू पडायचं. कुणाला विचारायचंसुद्धा नाही."

"तुम्ही असाल?"

"मी कुठं जाणार?"

टाचणीनं बटाट्याचा डोळा खरवडून काढला. "बरं," म्हणाली.

आता ती भेटीची खोली सांगतो. पूर्वी तिथं कागदाची रिमं ठेवत, त्यामुळं चिंचोळी. टेबल जमिनीला स्क्रूनं पक्कं केलेलं, म्हणजे कुणी उलथू नये. पाणी प्यायला कागदी पेले. दाराला आतून कडी नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम खुर्चीचा. दाराकडची खुर्ची पोराची. पाहुणा, मग तो बाप असो, काका असो, नाहीतर कुणी मोठा साहेब, त्यानं टेबलाला वळसा घालून आतल्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसायचं. कोपऱ्यातल्या माणसाला उठायला वेळ लागतो. तेवढ्यात पोर बाहेर. नियम बाईंचाच. नव्या मदतनिसांना त्या हे नकाशा काढून समजावायच्या.

बाप आला तो कामावरूनच, अंगात डांगरी. ठेंगणा, केस पाणी लावून बसवलेले, डोळे सुजलेले. वाकून नमस्कार केला. पैलवानानं अवजारांची पिशवी ठेवून घेतली, पण खिसे चाचपले नाहीत. रडणाऱ्या माणसाचे खिसे कोण चाचपतो? डांगरीला मांडीवर एक लांब खिसा असतो, त्यात पत्रेवाल्यांची छोटी हातोडी कायम अडकवलेली असते.

खोलीत आल्यावर तो टेबल आणि भिंत यांच्यामधून आत सरकायला लागला, आणि कळवळून थांबला.

"माफ करा ताई. गुडघ्यावर एकदा जॅकवरून गाडी घसरली होती, तेव्हापासून पाय वाकत नाही. मी आपला उभाच राहतो."

"छे हो! उभे कशाला?" बाई म्हणाल्या. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बसा इथंच."

इथंच म्हणजे दाराकडच्या खुर्चीवर.

टाचणी दारात आली. खुर्चीवर कोण बसलंय ते पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. ती नजर बाईंच्या काळजात आजही रुतून आहे.

"बस गं आत. त्यांचा पाय दुखतोय," बाई म्हणाल्या.

पोरगी बापाच्या पाठीमागून, भिंतीला अंग घासत गेली आणि कोपऱ्यात बसली. बाई मध्ये. दार बापाच्या पाठीशी.

"बाळा, घरी चल," बाप म्हणाला. डोळ्यांतून धारा.

"नाही."

"आई आजारी आहे तुझी. उठवत नाही तिला."

टाचणीचा चेहरा पांढरा पडला. "काय केलंस तिला?"

बापानं रुमालानं डोळे पुसले. रुमालाची नीट घडी घातली, खिशात ठेवली. मग उठला, आणि पाय छान वाकला. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात तो हा. बाईंना ते दिसलं, समजलं, आणि त्या उठेपर्यंत त्यानं खुर्ची तिरकी करून दाराच्या मुठीखाली पाचर मारल्यासारखी ठोकून बसवली होती. बाईंनी "पैलवान!" म्हणून हाक मारली, तोच त्याचं कोपर त्यांच्या नाकावर बसलं. नाक मोडल्याचा आवाज त्यांना आतून ऐकू आला. त्या जमिनीवर.

"माझ्या कामावर फोन?" तो ओरडला नाही. हळू, समजावल्यासारखं बोलत होता. "तिच्या कामावर फोन? घरातलं बाहेर सांगतेस?"

टेबल ओलांडून त्यानं पोरीचे केस धरले आणि कपाळ टेबलावर आपटलं. टेबल हललं नाही, पक्कं होतं ना! पुन्हा आपटलं. टाके तुटून कान पुन्हा फाटला. मग त्यानं तिचा डावा हात टेबलावर दाबला, बोटं पसरली, अगदी पत्रा मांडून घ्यावा तशी.

"याच हातानं दार उघडून गेलीस ना?"

हातोडी बोटांवर बसली. टाचणी किंचाळली. ती किंचाळी वरच्या मजल्यापर्यंत गेली, आणि दाराबाहेर धावपळ सुरू झाली. पैलवान दारावर अंग टाकत होता, आणि दार म्हणत होतं, कोण तू?

हातोडी दुसऱ्यांदा वर गेली तेव्हा बाईंनी जमिनीवरून त्याच्या पोटरीला दात लावले. माणूस म्हणून नाही, कुत्र्यासारखे. तोंडात डांगरीचं तेलकट कापड आणि त्यातून रक्त, तरी सोडलं नाही. तो ओरडून वळला, त्यांच्या बरगडीत लाथ घातली, आणि तेवढ्यात तोल जाऊन धाडकन पडला. हातोडी घरंगळत टेबलाखाली गेली.

ती टाचणीनं उचलली.

पहिला घाव गुडघ्यावर. दुसरा खांद्याच्या हाडावर. आवाज काय यायचा तो आला. "बाळा," बाप म्हणाला, "बाळा, नको." आणि पोरीचा चेहरा पुन्हा तोच, कोरा. बुलडोझरच्या छातीवर बसली होती तेव्हाचा. आता हातोडी डोक्याच्या रेषेत वर गेली होती. बाईंना त्या माणसाचं काही वाटत नव्हतं, खरं सांगतो, तिथं दगड असता तर त्यांनीच घातला असता. पण ही हातोडी खाली आली की पोरगी गेली. बाप मरून सुटेल, आणि ही जन्मभर त्याची पोर होऊन राहील. बाईंनी आपला उजवा हात त्याच्या डोक्यावर आडवा घातला.

कोपराखालचं हाड काडीसारखं मोडलं. "आई गं!" बाई ओरडल्या.

टाचणी थांबली. झोपेतून उठवल्यासारखी बघायला लागली. "बाई?" म्हणाली. "बाई, हे तुम्हाला लागलं?"

तेवढ्यात दार खुर्चीसकट आत आलं. खांदा लावला होता बुलडोझरनं, पुढचा दात नसलेल्या तोंडानं शिव्या देत. मागून पैलवान आणि झारा घेतलेला मामा.

हॉस्पिटलच्या लांबलचक वऱ्हांड्यात बाकावर दोघी बसल्या होत्या. बाईंचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला, नाकात बोळे. टाचणीची बोटं पट्टीत, कपाळावर टेंगूळ, कानाला नवे टाके. बाप आत ऑपरेशनला. आणि समोर उभा होता खरा फौजदार, खोट्या फौजदारणीपुढं. दमलेला माणूस, शर्टाचं एक बटण तुटलेलं.

"हातोडी त्याची, कबूल," तो म्हणाला. "मारली कुणी?"

"मी," बाई म्हणाल्या.

"कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"तो तर मोडलाय."

"मोडायच्या आधी."

"मी मारली," टाचणी म्हणाली. "बाई खोटं बोलतायत. आणि त्या मध्ये पडल्या नसत्या तर मी डोकं फोडलं असतं."

फौजदारानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "पोरी, जरा कमी खरं बोल." मग बाईंकडे वळला. "हे बघा, पहिला घाव स्वतःला वाचवायला, हे मी समजतो. दुसरा जमिनीवर पडलेल्या माणसाला आहे. तुमचं म्हणणं तुमच्या पोरीच्याच बाजूचं असणार, तो उठला की त्याचं म्हणणं त्याच्या बाजूचं. त्याची बायको येतेय. घरचं माणूस काय सांगतं त्यावर सगळं आहे. तिनं तक्रार दिली तर हिला मी तुमच्याकडे सोडू शकत नाही. कुलपातल्या सुधारगृहात न्यावं लागेल. तिथं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. तिथून परत आलेली पोरं बाईंनी पाहिली होती. हात उठणारी जायची आणि हात न थांबणारी होऊन यायची.

फौजदार टपरीवरून चहा घ्यायला गेला तेव्हा टाचणी म्हणाली, "मला थांबायचं नव्हतं. त्याचा पाय मोडल्याचा आवाज ऐकून बरं वाटलं मला. मी त्याच्यासारखीच आहे ना?"

  बाईंना स्वतःचाच संताप आला होता. परीक्षा म्हणे! एका रडक्या प्रश्नाला भुलून आपण पोर त्याच्या तावडीत दिली. "मी तुला आत बसवलं," त्या म्हणाल्या.

"हो," टाचणी म्हणाली. तिनं ते काही गोड करून घेतलं नाही.

आणि जिन्यावरून आई आली. आजारी वगैरे काही नव्हती, सरळ लॉंड्रीतून आली होती, केस वाफेनं चिकटलेले. हातांवर भाजल्याचे जुने डाग. इस्त्रीचं काम म्हणजे भाजायचंच, पण हे डाग कोपराच्या वर, दंडाच्या मागच्या बाजूला होते. स्वतःच्या इस्त्रीनं तिथं कुणाला भाजत नाही. बाईंनी ते पाहिलं.

ती टाचणीसमोर येऊन उभी राहिली, आणि खाडकन तिच्या मुस्काटात मारली. टेंगूळ आलेल्या, टाके घातलेल्या तोंडावर! पुन्हा हात उचलला.

बाई ताडकन उठल्या. डावा हात वर गेला. इतक्या वर्षांत एकाही पोरावर, एकाही आईबापावर न उठलेला हात, आता मात्र असा उठला की खाली येताना दात पाडूनच आला असता.

तो टाचणीनं धरला. पट्टी बांधलेल्या बोटांनीच, चटकन.

"तिला नको," ती म्हणाली. "बाई, तिला नका मारू. ती घरी पण खाते."

 आईचा उचललेला हात तसाच खाली आला.  टाचणीचा चेहरा आता कोरा नव्हता. रडत होती, नाक गळत होतं, आणि हात सोडत नव्हती.

"पळालीस तर लांब पळायचं होतंस!" आई ओरडली. "इतकं लांब, की तुझा वाससुद्धा त्याला येता कामा नये! कशाला आलीस त्याच्यासमोर?" मग बाईंकडे वळली. "मी सांगितलं होतं तुम्हाला. ठेवा म्हटलं होतं. दुकानात मालक होता, बाजूला माझा दीर काम करतो, दुसरं काय बोलणार होते मी? ठेवा म्हटलं. आणि तुम्ही त्याला बोलावून घेतलंत."

बाईंनी मान खाली घातली. दगड म्हणाल्या होत्या त्या या बाईला.

फौजदार चहाचा पेला घेऊन परत आला होता. पेला खिडकीत ठेवून त्यानं पेन काढलं. "बाई, तुमच्या मिस्टरांचा गुडघा फुटलाय. खांद्याचं हाड मोडलंय. तक्रार कुणाविरुद्ध लिहू?"

आईनं पोरीकडे पाहिलं. त्या बोटांच्या पट्टीकडे पाहिलं, ती अजून बाईंच्या मनगटावर होती.

"पडले ते," ती म्हणाली.

"काय?"

"पडले."

"बाई, डॉक्टर म्हणतात घाव हातोडीचे आहेत."

"आमच्या घरात सगळी पडतातच, साहेब. मी किती वेळा पडले. इथंच आणायचे मला, याच वऱ्हांड्यात. विचारा डॉक्टरांना. पडली म्हणूनच लिहिलंय त्यांनी, कुठून पडली ते कुणी विचारलं नाही. ही पडली, कान फाटला. आज ते पडले. लिहा तुम्ही."

फौजदारानं तिच्या दंडाकडे पाहिलं. मग त्यानं लिहिलं. तिच्या हातात पेन दिलं, सही घेतली, आणि चहा तिथंच विसरून निघून गेला.

आई बाकावर बसली.  एक नर्स बाहेर आली, तिला म्हणाली, "ऑपरेशन झालं. तासाभरात शुद्धीवर येतील, मग भेटा." आईनं मान हलवली. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं काय विचारणार आणि उत्तर ऐकून काय करणार, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पाय मोडलेला होता, पण पाय बरा होतो. टाचणी तिच्या शेजारी बसली, अंगाला अंग लावून. दोघींपैकी कुणी कुणाला जवळ घेतलं नाही, नुसत्या बसल्या.

"तुमच्याकडं," आई जमिनीकडे बघत म्हणाली, "मोठ्या बायकांना घेतात का हो?"

नाही घेत. अठराच्या आतलीच घ्यायची, हा नियम बाईंचा नव्हता, वरचा होता, आणि तो मोडला तर घराला टाळं लागू शकतं. आज सकाळीच एक नियम मोडून काय झालं ते त्यांच्या गळ्यात अडकवलेलं होतं.

"नाही घेत," बाई म्हणाल्या. "चला, उठा दोघी. तो जागा व्हायच्या आत निघू या."